इस्तंबूलची चित्रं आणि ‘नक्कल’ हा शब्द

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चार दिवसांसाठी इस्तंबूलला चालला आहात, मुलगी कलामहाविद्यालयात आहे आणि तिला तिथली आधुनिक चित्रं बघायची आहेत. कुठे जावं हे तुम्ही विचारलंय आणि पुढे लिहिलंय, ‘पण ही शेवटी पॅरिसचीच नक्कल ना? मग मशिदी आणि बाजार सोडून त्यात वेळ का घालवायचा?’ या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आधी लिहितो. तो सुटला की कुठे जायचं ते आपोआप ठरतं.

अमळनेरला मी सत्तावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. मुलगा काही वर्षं तिकडे नोकरीला होता, म्हणून आम्हा दोघांचं इस्तंबूलला दोनदा जाणं झालं, २०१५ मध्ये आणि मग २०२३ च्या अखेरीस. पहिल्या खेपेला थेट ‘इस्तंबूल मॉडर्न’ गाठलं. २००४ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय तेव्हा काराक्योय बंदरावरच्या जुन्या गोदामात होतं. घनवाद (वस्तूंचे कोनदार तुकडे करून रंगवण्याची युरोपी पद्धत) दिसला, अमूर्त चित्रं दिसली, पाट्यांवरची सालं वाचली आणि माझ्याही मनात तुमचाच शब्द आला. चूक चित्रांची नव्हती, मी ती उलट्या क्रमाने बघत होतो.

दुसऱ्या खेपेला सुरुवात पेरा संग्रहालयापासून केली. तिथे उस्मानी (ऑटोमन) काळातले चित्रकार उस्मान हमदी बे यांचं १९०६ चं ‘कासवांचा शिक्षक’ आहे. लाल झग्यातला एक वयस्कर माणूस पाठीमागे घेतलेल्या हातांत बासरीसारखी ‘नेय’ धरून वाकून उभा आहे. पायाशी कासवं पाला खात आहेत. भिंतीवरच्या निळ्या फरशांचे पोपडे निघालेत. हमदी बे १८६० मध्ये कायदा शिकायला पॅरिसला गेले आणि रंग हातात घेऊन परतले. प्रकाश, छाया, झग्याच्या चुण्या ही सगळी तिथली तालीम. पण संगीत ऐकवून कासवांना शिकवू पाहणारा, थकलेला पण जागचा न हललेला तो माणूस पॅरिसमध्ये कोणाला सुचला असता? त्याला चेहरा त्यांनी स्वतःचाच दिला आहे. याच माणसाने इस्तंबूलचं कलाविद्यालय उभं केलं, ते १८८३ मध्ये सुरू झालं. प्राचीन वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी घालणारा १८८४ चा कायदाही त्यांचाच. सत्तावीस वर्षं वर्गात उभा राहिलेला माणूस म्हणून मी त्या चित्रापुढून लवकर हलू शकलो नाही.

आता आपल्या घराजवळचं बघा. जळगावहून अजिंठा तास-दीड तासावर. मुंबईचं जे. जे. कलाविद्यालय १८५७ चं. तिथले इंग्रज शिक्षक ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला येत राहिले आणि लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती करवून घेतल्या. ज्या मुलांना युरोपी पद्धतीचं रेखाटन शिकवायचं, तीच मुलं वर्षानुवर्षं आपल्या जुन्या भिंतींपुढे कंदिलाच्या उजेडात बसली. यात कोण कोणाची नक्कल करत होतं? मला तरी हा शब्द इथे पुरत नाही.

पुढच्या पिढीचंही तसंच. १९३३ मध्ये इस्तंबूलच्या सहा तरुण कलावंतांनी ‘डी गट’ काढला आणि पहिलं प्रदर्शन चक्क टोप्यांच्या दुकानात भरवलं. फेझवर, म्हणजे लाल गोंडेदार तुर्की टोपीवर, १९२५ मध्येच बंदी आली होती, त्यामुळे युरोपी टोप्यांचं दुकान हेच तेव्हा नव्या जगाचं दार. आंद्रे ल्होत या पॅरिसच्या शिक्षकाकडे शिकलेले तुर्की चित्रकार बेद्री रहमी एयुबोलू परत येऊन अनातोलियातल्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातल्या, बायकांचे किलीम (विणलेल्या सतरंज्या), खोगीरपिशव्या, छापील रुमाल यांच्या नक्ष्यांमागे लागले. १९५८ च्या ब्रसेल्स प्रदर्शनातल्या तुर्की दालनासाठी त्यांनी प्रचंड मोझेक केलं. याच ल्होत यांच्याकडे आपले चित्रकार जहांगीर सबावाला शिकले, राम कुमारही शिकले. गुरू एक, आणि तिघांची चित्रं शेजारी लावली तर कोणी म्हणणार नाही की ही एका घरातली आहेत.

पण इस्तंबूलच्या चित्रांची खरी गाठ आहे लिपीत. नोव्हेंबर १९२८ मध्ये कायदा झाला आणि तुर्की भाषेची अरबी लिपी जाऊन लॅटिन आली. काही महिन्यांत वर्तमानपत्रं, पाट्या, शाळेची पुस्तकं, सगळं बदललं. त्यानंतर शाळेत गेलेल्या मुलाला आजोबांच्या थडग्यावरचं नाव वाचता येईना. आपल्याकडे मोडीचं जे झालं ते आठवा. खानदेशात कितीतरी घरांत पेटीच्या तळाशी मोडीतले कागद आहेत, आणि घरात वाचणारं कोणी नाही. माझ्याकडेही पणजोबांचं एक खत आहे. मी ते वाचू शकत नाही, पण कितीदा तरी उघडून बघितलंय. अर्थ निघून गेला की डोळा फक्त रेषेची धाव बघायला लागतो, कुठे जाड झाली, कुठे लेखणी उचलली. तिथे हेच अख्ख्या देशाचं झालं, आणि त्यांच्यात सुलेखनाची परंपरा म्हणजे आपल्याकडच्या मूर्तिकलेइतकी मोठी.

म्हणून एक सकाळ एमिरगानच्या साकिप साबांजी संग्रहालयाला द्या. बोस्फोरसच्या काठावरच्या जुन्या वाड्यात उस्मानी सुलेखनाचा संग्रह आहे. वाचता येत नाही म्हणून मुलीला खंत वाटू देऊ नका, नुसती रेष बघू दे. मग एरोल आक्यावाश या तुर्की चित्रकाराच्या चित्रांतलं अक्षर कळतं. दुसरे चित्रकार बुरहान दोआन्चाय यांचं शहरातल्या भिंतींवरच्या फाटक्या पोस्टरांचं वेडही कळतं: कागदाच्या सुटलेल्या पट्ट्या, आणि त्यांची सावली अशी पडलेली की कोणी बोरूने ओढलंय असं वाटावं. दोआन्चाय यांचा जन्म १९२९ चा, लिपी गेली त्याच्या पुढच्या वर्षीचा. मी तरी या दोन गोष्टी वेगळ्या करू शकत नाही.

एवढं झाल्यावर ‘इस्तंबूल मॉडर्न’ला जा. आता ते इटालियन वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी बांधलेल्या २०२३ च्या नव्या इमारतीत आहे, जागा तीच, पाण्याकाठची. त्यांच्या संग्रहातलं एक चित्र कसंही करून बघाच. मांडणी बदलत असते, म्हणून आधी चौकशी करा. फाहरेलनिसा झैद या तुर्की चित्रकर्तीचं १९५१ चं ‘माझा नरक’. पाच मीटरहून जास्त रुंद, काळ्या-पिवळ्या-लाल धारदार तुकड्यांनी गच्च भरलेलं. २०१५ मध्ये मी त्यापुढे कोणता ‘वाद’ आहे ते ठरवत होतो. आमच्या सौभाग्यवती जवळ गेल्या, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, ‘हाई ते आपली गोधडी शे.’ त्यांना तुकडा तुकड्याला कसा बसवलाय ते दिसलं होतं, जे मला दिसलं नव्हतं. या बाई इराकच्या राजघराण्यात सून होत्या. १९५८ च्या बंडात ते कुटुंब मारलं गेलं, त्या आणि त्यांचे पती इटलीतल्या इस्किया बेटावर सुट्टीला असल्याने वाचले. सत्तावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतः स्वयंपाक केला, आणि मग कोंबडीची हाडं रंगवून त्या पारदर्शक राळेत बसवू लागल्या. मुलीला हे नक्की सांगा.

बाकी थोडक्यात. दोलापदेरे भागातलं ‘आर्तेर’ नव्या पिढीसाठी, काराक्योयजवळचं ‘साल्ट गलाता’ जुन्या उस्मानी बँकेच्या इमारतीसाठी. सोमवारी ही संग्रहालयं बंद असतात, तो दिवस बाजाराला ठेवा. एका दिवसात दोनपेक्षा जास्त ठिकाणं नकोत.

आणि निघण्याआधी एक दिवस चाळीसगावला जाऊन या. स्टेशनजवळच छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे. इंग्लंडात कला शिकून आलेला हा माणूस चाळीसगावात स्थिरावला आणि १९८९ मध्ये जाईपर्यंत जवळजवळ घराबाहेर पडला नाही. घरातल्या टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, प्रकाश लावून त्यांनी अशी छायाचित्रं काढली की बघणाऱ्याला खरा डोंगर, खरा समुद्र वाटावा. घराला नाव दिलं रेम्ब्रांटचं. मुलीला वही-पेन्सिल घेऊन जायला सांगा, आणि तिने काय काढलं ते इथे टाकलंत तर मला बघायला आवडेल.