गांडुळाला नाक नाही, मग मोहरीचं पाणी त्याला कळलं कसं?

लोणच्यासाठी मोहरी फेसली, भांडं विसळून ते पाणी जास्वंदीच्या कुंडीत ओतलं आणि पाच मिनिटांत गांडुळं वळवळत वर आली, असं तुम्ही लिहिलं आहे. त्यांना ना नाक ना जीभ, मग कळलं कसं, आणि ती मरतील का, हे तुमचे दोन प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण ते घाईचं आहे. कुंडीत दोन-तीन तांबे साधं पाणी ओतून निथळू द्या. वर आलेली गांडुळं स्वच्छ पाण्यात हलकेच धुऊन दुसऱ्या ओल्या मातीत, सावलीत ठेवा. शेतातली गांडुळं मोजणारे अभ्यासक मोहरीची पूड पाण्यात कालवून जमिनीवर ओततात आणि वर आलेली गांडुळं अशीच धुऊन घेतात. तुम्ही नकळत त्यांचाच प्रयोग केलात.

आता पहिला प्रश्न. मी बडोद्यात बरीच वर्षं प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली, आणि मोहरी फेसायला शिकले ती दांडिया बाजारातल्या घरी, सासूबाईंच्या हाताखाली. खंडेराव मार्केटमधून आणलेली मोहरी मुठीत घेऊन हुंगली तर काहीच जाणवत नाही. फोडणीत तडतडली तरी ती नाकात जात नाही. पण पाट्यावर पाण्याचा हबका मारून वाटायला घेतली, की वरवंट्याच्या चौथ्या-पाचव्या फेऱ्याला सासूबाई म्हणायच्या, "तोंड वळव गं तिकडे." तोवर माझ्या डोळ्यांतून धारा लागलेल्या असायच्या. याचं कारण असं की दाण्यात ते झणझणीत रसायन तयार नसतंच. त्याचा कच्चा माल एका कप्प्यात असतो आणि तो फोडणारं विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात. दाणा चिरडला, पाणी मिळालं, की दोघांची गाठ पडते आणि अलाइल आयसोथायोसायनेट तयार होतं. कढत तेलात ते विकरच निकामी होतं.

हे रसायन आपल्याला चढतं, तेव्हा काम फक्त वासाचं नसतं. सर्दीने नाक चोंदलेलं असतानाही मोहरी चढतेच. नाकातल्या, डोळ्यांतल्या आणि श्वासनलिकेतल्या वेदना नेणाऱ्या चेतातंतूंवर टीआरपीए-१ नावाचं प्रथिन असतं. ते पेशीच्या पातळ भिंतीत बसवलेलं दार समजा. २००४ साली अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मोहरीचं तेल हेच दार उघडतं हे दाखवलं. ज्युलियस यांना पुढे २०२१ चं नोबेल मिळालं, ते मिरचीच्या आणि उष्णतेच्या दाराच्या शोधासाठी. दार उघडलं की सोडियम आणि कॅल्शियमचे कण आत घुसतात, संदेश मेंदूकडे धावतो आणि ठसका लागतो.

मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते ती दार उघडण्याची पद्धत. वासाच्या ग्राहींना, म्हणजे रसायन ओळखणाऱ्या प्रथिनांना, रेणूचा आकार जुळावा लागतो. इथे मोहरीचं रसायन प्रथिनातल्या गंधकाच्या जागांना सरळ चिकटतं, रासायनिक बंधच तयार होतो. म्हणून ठेचलेला लसूण आणि सिगारेटच्या धुरातलं अ‍ॅक्रोलिन, आकाराने एकमेकांशी नातं नसूनही, हेच दार उघडतात. पेशी खरं तर विचारते ती एवढंच: हा पदार्थ माझ्या प्रथिनांना चिकटून त्यांची नासधूस करणारा आहे का? हा प्रश्न कुठल्याही जिवाला पडणारच. २०१० साली फळमाशीच्या आणि माणसाच्या या दारांची तुलना झाली, तेव्हा त्यांचा उगम सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या सामाईक पूर्वजापर्यंत मागे गेला. गांडुळाची चुलत भावंडं म्हणजे जळवा. त्यांच्यातही मोहरीच्या रसायनाला दचकणाऱ्या अशाच दाराचा पुरावा मिळाला आहे.

गांडुळाची सगळी त्वचाच ओली आणि उघडी. श्वासही तो तिच्यातूनच घेतो, त्यामुळे पाण्यात विरघळलेलं काहीही सरळ त्वचेच्या पेशींपर्यंत पोचतं. रसायन ओळखणाऱ्या संवेदी पेशी अंगभर विखुरलेल्या असतात, आणि तोंडाच्या पुढे ओठासारखा जो भाग असतो तिथे त्यांची दाटी असते. डार्विन यांनी १८८१ साली लिहिलं आहे की तंबाखू चघळून गांडुळांवर श्वास सोडला तर ती ढिम्म राहिली, पण मातीखाली पुरलेले कोबीचे आणि कांद्याचे तुकडे त्यांनी बरोबर शोधले.

चवीला जीभच लागते असं नाही, याचं माशीचं उदाहरण मी वर्गात नेहमी दाखवत असे. काडीला मेणाने चिकटवलेल्या माशीच्या पायाला ब्रशने साखरेचं पाणी लावायचं. तोंडाजवळ काही नेलेलं नसतानाही सोंड झटकन खाली येते. चव पायातल्या केसांत! तुमच्या कढीपत्त्यावर फुलपाखरू पुढचे पाय टपटप आपटताना दिसलं, तर ते पान अंडी घालण्याजोगं आहे का, हे चाखून बघत असतं.

चव ओळखणारे ग्राही आपल्याही जिभेबाहेर आहेत. कडू चवीचे ग्राही श्वासमार्गातल्या पेशींच्या केसांवर असतात, हे २००९ साली दिसलं. कडू रसायन लागलं की हे केस जोरात हलतात आणि कफ वर ढकलतात. काही जिवाणूंची आपसांतली संदेश-रसायनंही नाकातले असे ग्राही ओळखतात. मात्र यावरून कारल्याचा रस पिऊन दमा बरा होतो असा अर्थ कृपा करून काढू नका. पोटात गेलेला रस त्या पेशींपर्यंत तसा पोचत नाही.

एक लक्षात घ्या, मोहरीचं दार आणि मिरचीचं दार वेगळं. पोपट हिरवी मिरची मजेत खातो, कारण पक्ष्यांच्या दारावर मिरचीचा तिखटपणा चालत नाही. म्हणून एकाला झोंबलं ते दुसऱ्यालाही झोंबेलच असं धरून कुंडीत मिरचीचं पाणी ओतून बघू नका.

बघायचंच असेल तर आठवड्याने, माती सावरली की, कुंडीत बोटाच्या पेरापेक्षा कमी खोल कोबीचा तुकडा पुरा. रात्री टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावून बघा, लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही. तुकड्याच्या दिशेने एखादं टोक पुढे सरकताना दिसलं तर मला नक्की लिहा.