विहिरीचं पाणी गेलं कुठे? वाचकांचे प्रश्न

सप्टेंबरात विहीर काठोकाठ होती, जानेवारीत निम्मी झाली. एवढा उपसा आम्ही केलाच नाही. मग पाणी गेलं कुठे? (सिन्नर)

बरंचसं ओढ्याला गेलं. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा आहे आणि या खडकात पाणी साठायला जागा फार थोडी. एक घनमीटर मुरूम, म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला हाच खडक, पूर्ण भिजलेला असला, तरी त्यातून विहिरीत उतरतं ते साधारण २० लिटर. बाकीचं कणांना धरून राहतं. त्यामुळे ५० मिलिमीटर पाणी मुरलं की पातळी अडीच मीटर चढते आणि तेवढंच पाझरून गेलं की अडीच मीटर उतरते. पाऊस थांबल्यावरही ओढा वाहतो, तो याच पाण्यावर. म्हणून चढावरच्या विहिरी आधी तळ गाठतात, ओढ्याकाठच्या उशिरा.

भरलेली विहीर पाहून रब्बी ठरवू नका, ही कळकळीची विनंती. ऑक्टोबरअखेर पाऊस नसताना आठवडाभर उपसा बंद ठेवा आणि पातळी किती उतरते ते मोजा. ही घट तुम्ही एक थेंबही न उपसता होणार आहे. ती आधी वजा करा, मग पेरणीचं क्षेत्र ठरवा.

पातळी मोजायची कशी? दोर सोडून पाहतो, पण दर वेळी वेगळाच आकडा येतो. (पुरंदर)

दोर ओला झाला की लांबी बदलते. स्टीलची टेप घ्या, टोकाला वजन बांधा आणि खालच्या एक मीटरला कोरडा खडू फासा. कठड्यावर रंगाने खूण करा आणि कायम तिथूनच मोजा. समजा खुणेपाशी टेपवर ९.४० मीटर आले आणि खडू ०.६५ मीटरपर्यंत भिजला, तर पाणी खुणेपासून ८.७५ मीटर खाली आहे. कठडा ०.९० मीटर उंच असेल तर जमिनीपासून ७.८५.

वेळ पहाटेची, आधी किमान १२ तास पंप बंद. बाजूच्या झऱ्याचं पाणी टेपवर ठिबकत असेल तर खडू वरपर्यंत भिजतो आणि पाणी आहे त्यापेक्षा वर दिसतं. तेव्हा टेप दुसऱ्या बाजूने सोडा. एकाच जागी लागोपाठ दोनदा मोजून दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर तिसऱ्यांदा मोजा.

तुलना करायची ती मेची मेशी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा ठरलेल्या महिन्यांतच मोजते.

शेजाऱ्याने बोअर घेतल्यापासून आमची विहीर लवकर आटते. संबंध आहे हे कसं कळणार? (सिन्नर)

शेजाऱ्याला विश्वासात घेऊन एक दिवस काढा. दोन्ही पंप १२ तास बंद ठेवा. मग फक्त बोअर चालवा आणि तुमच्या विहिरीची पातळी दर अर्ध्या तासाने लिहा. बोअर चालू होताच पातळी उतरायला लागली आणि बंद झाल्यावर पुन्हा चढली, तर दोघांचं पाणी एकच.

कधी बोअर बंद असतानाही विहीर झपाट्याने उतरते. अशा वेळी बोअरच्या तोंडाशी कान लावा. आत पाणी पडल्याचा आवाज येत असेल, तर मुरमातलं पाणी त्या भोकातून खोल भेगांमध्ये जातंय. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप, कातळापर्यंत नीट टेकवलेलं नाही, किंवा बाहेरची पोकळी सिमेंटने बंद केलेली नाही. दुरुस्ती तिथेच करायची. आपली विहीर आणखी खोदून हे पाणी थांबत नाही.

समुद्राकाठची आमची विहीर दिवसातून दोनदा वर-खाली होते. (मालवण)

भरती-ओहोटी. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, तेच ताल तुमच्या विहिरीत थोड्या उशिराने उमटतात. त्यात वावगं काही नाही. जपायचं ते उपशाला. गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं आणि समुद्रसपाटीच्या वर ते एक फूट असेल तर खाली सुमारे ४० फूट असतं. वरचा एक फूट उपसलात, तर खालचं खारं पाणी हळूहळू सुमारे ४० फूट वर चढतं. मोठा पंप तासभर लावण्याऐवजी लहान पंप थांबत-थांबत चालवा आणि एप्रिलपासून दर आठवड्याला ओहोटीच्या वेळी पाण्याची चव घेऊन पाहा.