ब्रेक वाजतो केव्हा, गाडी ओढते कुठे?

पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत ब्रेकच्या तक्रारी वाढतात. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य असतंच: ‘गॅरेजवाल्यानं पॅड बदलायला सांगितलंय, बदलू का?’ नेमकं काय बिघडलंय ते कळण्याआधी पॅड बदलणं म्हणजे ताप का आला ते न पाहता गोळी घेणं. आवाज कधी येतो, कोणत्या वेगाला येतो, पेडल दाबल्यावर येतो की सोडल्यावर, एवढं नीट सांगता आलं तर निम्मं निदान तिथंच होतं.

सकाळी गाडी काढली की पहिल्या दोन-तीन ब्रेकला खर्रर्र असा आवाज येतो, नंतर दिवसभर काही नाही. पॅड संपलेत का? (रत्नागिरी)

नाही. पॅड ज्या फिरत्या चकतीला दाबून चाक थांबवतात ती डिस्क बिडाची असते. रात्रभर पाऊस किंवा दमट हवा लागली की तिच्यावर तांबूस गंजाचा पातळ थर येतो. समुद्राजवळ खारी हवा असल्यानं तो लवकर आणि जास्त येतो. पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये पॅड तो थर खरवडून काढतात, त्याचा हा आवाज. त्यासाठी खर्च करू नका.

मात्र किलोमीटर-दोन किलोमीटर गेल्यावरही आवाज राहिला, तर चाकाच्या फटीतून टॉर्च मारून डिस्क बघा. पॅड जिथं घासतो तो पट्टा आरशासारखा स्वच्छ हवा. अगदी बाहेरच्या कडेला गंज असला तरी चालतं. पण त्या पट्ट्यातच गंजाचं रिंगण राहिलं असेल, तर तेवढ्या भागाला पॅड टेकत नाही, म्हणजे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) नीट सरकत नाही. ते काम लांबवू नका.

पावसात भिजलेली गाडी हँडब्रेक ओढून दोन-चार दिवस उभी ठेवली, तर मागचे ब्रेक शू (ड्रमला आतून घासणारे पट्टे) ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला, चिकटतात आणि गाडी हलवताना ‘टण्ण’ आवाज होतो. सपाट जागा असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक सोडून द्या. गाडीचं तोंड चढाला असेल तर पहिला गिअर, उताराला असेल तर रिव्हर्स.

तीन आठवड्यांपूर्वी नवे पॅड टाकले. तेव्हापासून सिग्नलला हळू थांबताना शिट्टीसारखा आवाज येतो. जुने पॅड कधी वाजले नव्हते. (नाशिक)

पॅड डिस्कवर घासताना बारीक थरथरतो. ती थरथर कॅलिपरला लागून वाढली की शिट्टी वाजते. गाडी थांबण्याच्या क्षमतेवर याचा बहुधा परिणाम होत नाही, पण बसवण्यात काहीतरी राहिलंय हे मात्र त्यातून कळतं.

गॅरेजमध्ये चाक उतरवून घ्या आणि स्वतः उभं राहून बघा. पॅडच्या पाठीमागे पातळ पत्र्याची किंवा रबराचा थर असलेली शिम, म्हणजे थरथर शोषणारी पट्टी, आहे का? पुष्कळदा नव्या पॅडसोबत शिम येत नाही आणि जुनी फेकली गेलेली असते. पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथल्या स्टीलच्या क्लिपा जागेवर आहेत का? क्लिपेखाली गंज साचला तर खाच अरुंद होते, पॅड अडकतो, पूर्ण मागे येत नाही आणि वाजतो. क्लिपा काढून खाच तारेच्या ब्रशनं साफ करायची आणि पॅडच्या कानांना व पाठीला ब्रेकसाठीचं सिलिकॉन किंवा सिरॅमिक ग्रीस अगदी पातळ लावायचं, पोळीला तूप फिरवतो तेवढंच. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला किंवा डिस्कला त्याचा थेंबही लागता कामा नये. आवाज बंद करायला कुणी तिथं तेल किंवा स्प्रे मारायला निघाला, तर त्याला थांबवा. आवाज जाईल, पण ब्रेकही जाईल.

हे सगळं ठीक असेल तर पॅड ‘बसवले’ (म्हणजे डिस्कवर रुळवले) गेले नसावेत. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून मध्यम दाबानं पंधरापर्यंत यायचं, पूर्ण न थांबता पुन्हा वेग घ्यायचा, असं आठ-दहा वेळा. मग पाच-दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवून डिस्क थंड होऊ द्यायची. यानं पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. नवे पॅड टाकून लगेच घाट उतरलात तर उलट होतं, पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होतो आणि शिट्टी कायमची मागे लागते. पॉलिश पेपरवर पॅड घासून ती काही दिवस थांबते, पण चकाकी खोलवर गेली असेल तर परत येते.

याहून वेगळी एक शिट्टी असते. काही पॅडना एक छोटी पत्र्याची जीभ असते. पॅडचा थर दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला लागून किंचाळते. नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. तीन मिलिमीटरवर बदलायचा. जीभही झिजून पुढे घरघर किंवा करकर असा जड आवाज आला, म्हणजे लोखंडावर लोखंड घासतंय. तशा गाडीला गॅरेजपर्यंतसुद्धा टोइंगनंच न्या.

ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. अलाइनमेंट दोनदा केली, फरक नाही. (कोल्हापूर)

फक्त ब्रेक मारतानाच ओढत असेल तर अलाइनमेंटचा दोष असण्याची शक्यता कमी. ब्रेक न लावता गाडी किंचित डावीकडे जात असेल, तर आधी रस्ता बघा. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला उतार दिलेला असतो आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे थोडी ओढ साहजिक आहे. दोन्ही पुढच्या टायरमधली हवाही तपासा.

आता मुख्य मुद्दा. ज्या बाजूचा ब्रेक जास्त धरतो त्या बाजूला गाडी ओढते. म्हणून डावीकडे ओढणाऱ्या गाडीत बिघाड बहुधा उजव्या चाकात असतो, कारण तो ब्रेक कमी धरतो. गॅरेजमध्ये मात्र डावं चाक खोललं जातं आणि दोन तास फुकट जातात.

नेहमीसारखे ब्रेक लावत पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा, थांबा, आणि दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात न्या (डिस्कला हात लावू नका, भाजेल). लांबून तापमान मोजणारी गन असेल तर उत्तमच. एक डिस्क दुसरीपेक्षा तीस-चाळीस अंशांनी गार असेल तर त्या बाजूचा कॅलिपर काम करत नाही. उलट एक चाक फार गरम असेल आणि ब्रेक न लावताही गाडी त्याच बाजूला जात असेल, तर तिथला ब्रेक सुटतच नाहीये.

नंतर गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं टोक जॅकनं उचलून स्टँडवर ठेवा आणि गिअर न्यूट्रल करा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. एकाला ब्रेक दाबून सोडायला सांगा आणि चाक हातानं फिरवा. हलकं घासत फिरलं तर ठीक. फिरलंच नाही तर कॅलिपरच्या निप्पलला (ऑईल काढायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तो अर्धा आटा सैल करा. थोडं ब्रेक ऑईल (पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारा द्रव) बाहेर येऊन चाक लगेच मोकळं झालं, तर दाब आत अडकला होता. एकाच चाकाला असं होत असेल तर रबरी होज आतून फुगलाय, बाहेरून तो कितीही चांगला दिसू दे. दोन्ही चाकांना होत असेल तर पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर बघायचा. निप्पल सोडूनही चाक जामच राहिलं, तर पॅड ढकलणारा पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या सरकपिना अडकल्या आहेत.

या पिना आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग आहेत. प्रत्येक कॅलिपरला दोन असतात, रबरी बुटात बसलेल्या. बूट फाटला की पाणी आणि माती आत जाते, पिन गंजते, कॅलिपर सरकत नाही आणि आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूप लवकर झिजतो. पॅड तिरपा झिजला असेल तर एकच पिन जाम आहे असं समजा. पिना काढून साफ करायच्या, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावायचं आणि ज्या भोकातली पिन त्याच भोकात घालायची, कारण पुष्कळ गाड्यांत दोन्ही सारख्या नसतात. चासीला लावतात ते साधं ग्रीस इथं नको. त्यानं रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

पॅडवर ब्रेक ऑईल किंवा चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या (ड्राइव्हशाफ्टच्या) फाटलेल्या रबरी बुटातलं ग्रीस उडालेलं असेल, तर तो पॅड गेला. पेट्रोलनं धुऊन उपयोग होत नाही. आधी गळती बंद करा आणि पॅड दोन्ही चाकांचे जोडीनं बदला.

ऐंशी-नव्वदच्या वेगात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं. डिस्क लेथवर घासून घेतली, दोन महिन्यांत पुन्हा तेच. (पुणे)

थरथर स्टिअरिंगला असेल तर पुढचे ब्रेक, सीटखाली जाणवत असेल तर बहुधा मागचे ड्रम. आपल्याकडे याला ‘डिस्क वाकडी झाली’ म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. सात-आठ ठिकाणी मायक्रोमीटर लावला तर फरक दिसतो. मिलिमीटरचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०२ मिलिमीटर एवढा फरकही हाताला जाणवतो.

दोन महिन्यांत त्रास परत आला, याचा अर्थ मूळ कारण तसंच राहिलं. डिस्क चाकाच्या मधल्या ज्या हबवर बसते त्याच्या तोंडावर गंजाचा कण राहिला तर डिस्क किंचित तिरपी बसते. ती प्रत्येक फेरीत पॅडला एकाच जागी चाटते आणि काही हजार किलोमीटरमध्ये तिथली जाडी बदलते. म्हणून डिस्क बसवण्याआधी हबचं तोंड तारेच्या ब्रशनं चकचकीत करायला हवं. नंतर डिस्क नटांनी घट्ट करून डगमग मोजणारा डायल गेज लावायचा. डिस्कची डगमग ०.०५ मिलिमीटरच्या आत असली की निश्चिंत. जास्त असेल तर जिथं जमतं तिथं डिस्क एकेक भोक पुढे फिरवून बसवून पाहायची.

दुसरं कारण म्हणजे हवेच्या गननं मनमानी आवळलेले नट. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर एवढा पिळाचा जोर (टॉर्क) पुरतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत असतो. नट समोरासमोरचे आलटूनपालटून, टॉर्क पान्यानंच आवळायला सांगा. पंक्चर काढल्यावरही.

पुन्हा लेथला देण्याआधी डिस्कवर कोरलेला ‘मिन’पुढचा आकडा वाचा. ती किमान जाडी आहे. घासल्यावर जाडी त्याखाली जात असेल तर नव्या डिस्क घ्या, तशी पातळ डिस्क लवकर तापते.

महाबळेश्वरहून पसरणी घाटानं वाईला उतरताना जळका वास आला आणि पेडल एकदम खोल गेलं. खाली येऊन अर्धा तास थांबल्यावर ब्रेक पूर्ववत झाला. मेकॅनिक म्हणतो काही बिघाड नाही. (सातारा)

बिघाड आहे आणि तो ब्रेक ऑईलमध्ये आहे. घाटात ब्रेक दोन प्रकारे सोडून जातो. पेडल कडक आणि जागेवर असतं पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड अति तापलेले असतात. पेडल मऊ पडून खोल जातं, तेव्हा ऑईल उकळलेलं असतं. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून पाय खाली जातो आणि ब्रेक लागत नाही. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा द्रव होतं, त्यामुळे गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही.

ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीच्या कोरड्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरल्यावर ती मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ ला हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. म्हणून किलोमीटर कमी झाले असले तरी ऑईल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. टाकीच्या झाकणावर लिहिलेलीच प्रत वापरा आणि सीलबंद डब्यातलंच भरा, कितीतरी महिने उघडी पडलेली बाटली नको. लहान गाडीला अर्धा ते एक लिटर लागतं. चारही चाकांतून स्वच्छ ऑईल येईपर्यंत जुनं काढायचं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. रंगावर थेंब सांडला तर लगेच पाण्यानं धुवा.

तुमच्या गाडीचं ऑईल आता लगेच बदला आणि पॅड काढून चकाकी आली आहे का ते बघा. घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पेडलवर पाय ठेवून राहू नका. ठाम दाबायचं, वेग कमी करायचा, सोडायचं. उतारावर इंजिन बंद करू नका. पेडलला मदत करणाऱ्या व्हॅक्युमचा साठा दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. पुन्हा कधी पेडल खोल गेलं तर भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक बटण दाबून धरत हळूहळू ओढा. थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, तडा जातो.

ब्रेक लावला नाही तरी चाकातून सतत चर्र आवाज येतो, कच्च्या रस्त्यावरून आल्यापासून. (लातूर)

डिस्कच्या मागे पातळ पत्र्याची ढाल असते. तिच्या आणि डिस्कच्या मधे खडा अडकला असणार. मोकळ्या जागेत गाडी थोडी रिव्हर्स घ्या, कधीकधी तेवढ्यानं पडतो. नाहीतर चाक उतरवून स्क्रूड्रायव्हरनं ढाल जराशी बाहेर वाकवा, खडा पडेल. ढाल पुन्हा डिस्कपासून दोन-तीन मिलिमीटर दूर राहील अशी सरळ करा.

मागच्या ड्रममधून चूं-चूं आवाज. शू अजून जाड आहेत. (अकोला)

ड्रममध्ये साचलेली धूळ. ड्रम काढून ब्रेक क्लीनर किंवा पाण्यानं धुवा. कॉम्प्रेसरनं उडवू नका, ती धूळ छातीत जाते. शू मागच्या पत्र्यावर जिथं टेकतात त्या ठिकाणी उच्च तापमानाचं ग्रीस कणभर लावा. चाकाच्या सिलिंडरचं रबर उचलून बघा. आत ओलावा दिसला तर सिलिंडर बदला. शू ऑईलनं भिजण्याआधी बदललात तर शूंचा खर्च वाचेल.