इंग्रजीतील 'रन आउट', 'स्विम अक्रॉस' यांसारखी क्रियापदे स्पॅनिशमध्ये कशी मांडावीत?

दिशा मुख्य क्रियापदात आणावी आणि हालचालीची रीत त्यामागून जोडावी: 'पळत बाहेर पडणे' या अर्थी 'सालिर कोर्रिएंदो', 'पोहून पार करणे' या अर्थी 'क्रुसार आ नादो'. भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड टॅल्मी यांनी दाखवल्याप्रमाणे इंग्रजी हालचालीचा मार्ग क्रियापदाबाहेरच्या शब्दावर सोपवते, तर स्पॅनिश तो बहुधा क्रियापदातच ठेवते. मराठीही 'पोहून नदी पार केली' असेच म्हणते, म्हणून मराठी भाषकाने आधी मराठी वाक्य मनात जुळवावे, हा उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो. मात्र 'गिव्ह अप'सारख्या लाक्षणिक अर्थाच्या जोडक्रियापदांना हा नियम लागत नाही. तेथे हार मानण्यासाठी 'रेंदिर्से', सवय सोडण्यासाठी 'देहार दे', असा संदर्भाप्रमाणे वेगळा शब्द निवडावा लागतो.