उंट आणि दोन प्यादी जास्त, तरी बरोबरी?

प्रश्न : नमस्कार सर. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. परवाच्या स्पर्धेत तिच्याकडे शेवटी एक उंट आणि दोन प्यादी होती, समोर नुसता राजा. तरी डाव बरोबरीत सुटला. घरी आल्यावर तिच्या बाबांनी डाव मोबाइलवरच्या ॲपमध्ये घातला, तर ॲप पांढऱ्याला +६ दाखवत होतं आणि ५८व्या चालीवर चुकीची लाल खूण होती. ‘हातातला डाव घालवलास’ म्हणून बाबा दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. मला घोडा अडीच घरं जातो एवढंच कळतं. नेमकं चुकलं कुठे? स्कोअरशीट सोबत पाठवते. — एक आई, मिरज

उत्तर : ताई, आधी बाबांना सांगा की ५८व्या चालीला डाव हातात नव्हताच, मग घालवणार काय? चूक झाली आहे, पण ती ४१व्या चालीला. आणि तिथे ॲपने तिला शाबासकी दिली आहे!

४१व्या चालीपूर्वीचा पट मांडून बघा. पांढऱ्याचा राजा एफ-४, उंट ई-४, प्यादी जी-४ आणि एच-४. काळ्याचा राजा जी-७ आणि एकुलतं एक प्यादं, जे त्याने नुकतंच एच-५ला आणून ठेवलंय. घे, खा! तिने जी-४च्या प्याद्याने ते खाल्लं. घाईत असतो तर मीही खाल्लं असतं. ॲपचा आकडा (+१ म्हणजे साधारण एका प्याद्याची आघाडी) +५ वरून +६ वर चढला आणि त्याच चालीला डाव बरोबरीत गेला.

का, ते सांगतो. खाल्ल्यानंतर तिची दोन्ही प्यादी एच पट्टीत एकामागे एक आली. वजीर व्हायला त्यांना एच-८ला पोचायला हवं. एच-८ काळं घर आणि तिचा उंट पांढऱ्या घरांचा, जन्मात त्या घरावर मारा करू शकणार नाही. काळा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला की त्याला उठवणारं कोणी नाही. फार आवळायला जावं तर स्टेलमेट, म्हणजे शह नसताना चालच न उरल्याने बरोबरी. पांढरा राजा जी-६ला, उंट डी-५ला, काळा राजा एच-८ला आणि चाल काळ्याची, असं मांडा. शह नाही, हलायला घर नाही. संपला डाव. तिच्या प्रतिस्पर्ध्याने हे ओळखूनच ते प्यादं पुढे केलं होतं. त्या पोराचं मला कौतुक वाटलं, हे तुमच्या लेकीला सांगू नका.

जिंकायची चाल होती जी-५. खायचं नाही, शेजारून पुढे जायचं. मग राजा एफ-५ला, उंट एफ-३ला, आणि एच-५चं प्यादं उंटाने खायचं. जी पट्टीतलं प्यादं शाबूत राहतं आणि जी-८ पांढरं घर असल्याने उंट कामाला येतो.

आता ॲपला हे का दिसलं नाही? ॲपमधलं इंजिन, म्हणजे चाली शोधणारा प्रोग्रॅम, काही चाली पुढे बघतं आणि जिथे थांबतं तिथे अंदाजाने आकडा लावतं. जुनी इंजिनं उंट म्हणजे साधारण तीन प्यादी असा हिशेब धरायची. स्टॉकफिश या नावाजलेल्या इंजिनमध्ये २०२०पासून हा अंदाज न्यूरल नेटवर्क करतं, तरी तो अंदाजच. इथे तर काही घडतच नाही. बरोबरी ‘दिसायला’ पन्नास चालींच्या नियमापर्यंत (तेवढ्यात प्यादं हललं नाही की मोहरा मारला गेला नाही तर बरोबरी), म्हणजे दोघांच्या मिळून शंभर चाली, पुढे बघायला हवं. मध्ये एखादं प्यादं हललं की मोजणी पुन्हा एकपासून. इंजिन त्याआधीच थांबतं. तिथेही उंट पटावर आहेच, की पुन्हा +६.

रविवारच्या वर्गात मी असाच पट लावून इंजिनला स्वतःशीच खेळायला बसवलं आणि मुलांना घेऊन चहाला गेलो. परत आलो तर उंट पटभर येरझाऱ्या घालतोय आणि आकडा जागचा हललेला नाही. आमची खूण हीच. खरा जिंकता डाव असेल तर चालीगणिक आकडा वाढत जातो. वीस चाली होऊनही तेवढाच राहिला तर शंका घ्यायची.

मोठमोठी इंजिनंही यात फसली आहेत. २०१७ साली ब्रिटिश गणितज्ञ रॉजर पेनरोझ यांच्या संस्थेने एक कोडं जाहीर केलं होतं. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि तीन उंट, पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी. इंजिनं म्हणत, काळा सहज जिंकतो. पण तिन्ही उंट काळ्या घरांचे, वजीर-हत्ती प्याद्यांच्या मागे कोंडलेले. पांढरा राजा पांढऱ्या घरांवरून फिरत राहिला की बरोबरी.

बाबांना माझा शब्द पटत नसेल तर टेबलबेस दाखवा. त्यात अंदाज नसतो, शेवटापासून उलटं मोजून काढलेला निकाल असतो. सात मोहऱ्यांपर्यंतचे ‘सिझिजी’ नावाचे असे तक्ते २०१८ मध्ये पूर्ण झाले. ते अवाढव्य आहेत, पण पाच मोहऱ्यांपर्यंतचे सुमारे एक जीबीत मावतात. ४१व्या चालीपूर्वी पटावर राजे धरून सहाच मोहरे होते. मी ऑनलाइन तपासलं. जी-५ खेळल्यास जीत, प्यादं खाल्ल्यास बरोबरी.

प्रश्न : मी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी बुद्धिबळाचं इंजिन लिहितोय. डावाच्या मध्यात ते ठीक खेळतं, पण फक्त राजे आणि प्यादी उरली की वेड्यासारखं करतं. का? — एक विद्यार्थी, अकोला

उत्तर : वेळ वाचवायला तुम्ही ‘नल मूव्ह’ घातली असणार. म्हणजे, मी एक चाल सोडून दिली तरी माझं बरं चाललं असेल, तर ही फांदी आणखी तपासायची गरज नाही. एरवी हे बहुतेक वेळा खरं असतं, कारण चालीचा फायदाच होतो. पण पांढरा राजा एफ-५, प्यादं ई-४, काळा राजा डी-४, प्यादं ई-५ असं मांडून बघा. इथे ज्याची चाल तो मेला. राजा हलवला की प्यादं गेलं. याला झुगझ्वांग म्हणतात, आणि तुमचं इंजिन नेमकं इथेच ‘चाल सोडली’ असं समजून खुशीत पुढे जातं. चाल ज्याची आहे त्याच्याकडे नुसता राजा आणि प्यादी असतील तर नल मूव्ह बंद, अशी एक अट घाला आणि हाच पट पुन्हा चालवा. तरी बिघडलं तर कोड पाठवा, फक्त जरा मोठ्या अक्षरात.