'कार्य', 'काम' आणि कन्नडमधली 'शक्ति'

विचारणा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडची आहे. हमाल रताळ्याचं पोतं पाठीवर घेऊन सपाट यार्डातून शंभर मीटर चालतो, तरी पुस्तक म्हणतं कार्य शून्य. मग घाम कशाचा? आणि कन्नड माध्यमात शिकणारी चुलतबहीण ज्याला 'शक्ति' म्हणते, ती आपली शक्ती की ऊर्जा?

पहिला घोळ बराचसा पुस्तकी मराठीनंच घातलाय. 'वस्तूवर कार्य करणारी बले' हा प्रयोग सर्रास सापडतो. तिथं 'कार्य करणे' म्हणजे नुसतं लागू असणं. टेबलावर पडलेल्या वहीवर गुरुत्वबल असं 'कार्य करतं', पण वही जागची हलत नाही म्हणून त्या बलानं केलेलं कार्य शून्य! पोरांनी गोंधळायचं नाही तर काय करायचं? शिकवताना 'वस्तूवर लागणारं बल' म्हणावं आणि 'कार्य' हा शब्द फक्त मोजायच्या राशीसाठी राखून ठेवावा. (लग्नकार्यातलं कार्य आणखी निराळं. तिथं विस्थापन, म्हणजे जागा बदलणं, मात्र भरपूर असतं.)

रोजच्या बोलण्यातलं काम माणसाच्या कष्टावर मोजतात. भौतिकातलं कार्य एवढंच विचारतं, की वस्तू बलाच्या दिशेनं किती सरकली. पोतं 50 किलोचं धरा. ते पेलायला सुमारे 490 न्यूटन बल वरच्या दिशेनं लागतं (50 गुणिले 9.8). लॉरीचा फाळका 1.2 मीटर उंच असेल, तर पोतं तिथवर चढवायला 490 गुणिले 1.2 म्हणजे 588 जूल कार्य होतं. परीक्षेत इथंच हमखास गुण जातात, कारण 50 ला थेट 1.2 नं गुणून '60 जूल' लिहिलं जातं. किलो हे वस्तुमान, बल न्यूटनमध्ये. 9.8 चा गुणाकार गाळला की उत्तर जवळजवळ दहापट कमी येतं.

आता तेच पोतं पाठीवर घेऊन सपाटीवर चाललं, तर पेलणारं बल उभं आणि जाणं आडवं. दोन्हींत काटकोन, म्हणून पेलणाऱ्या बलाचं कार्य शून्य. पाऊल टाकताना पोतं थोडं वर-खाली होतं, पण जितकं चढतं तितकंच उतरतं. निघताना पोत्याला जो वेग मिळतो, तो थांबताना काढून घेतला जातो. हिशेब मिटतो.

घामाचं म्हणाल, तर तो खरा आहे. स्नायू ताणून धरायचा म्हटलं की त्याचे तंतू सारखे आकसत-सैलावत राहतात. त्यात अन्नातली ऊर्जा खर्ची पडते आणि बहुतेक उष्णता होऊन निघून जाते. पोत्याच्या खात्यावर त्यातलं काही जमा होत नाही. तेच पोतं कट्ट्यावर टेकवा. कट्टाही 490 न्यूटननंच ते वर रेटून धरतो, त्याला कुठं दम लागतो?

फळी लावून पिंप चढवतात, तिथं गंमत बघण्यासारखी आहे. पिंपही 50 किलोचं आणि फळी 3 मीटर लांब घेतली, तर फळीच्या दिशेनं जेमतेम 196 न्यूटन रेटा पुरतो. पण अंतर 1.2 चं 3 मीटर झालं. 196 गुणिले 3, पुन्हा 588 जूल. फळीनं जोर वाचवला, कार्य नाही. पिंप न लोळवता घासत नेलं तर घर्षणाचं कार्य वर आणखी पडतं.

विहिरीत घागर सावकाश सोडताना हात दोराला वर ओढून धरतात आणि घागर खाली जाते. दिशा उलट्या, म्हणून हातांचं कार्य ऋण. ऋण म्हणजे वाया गेलेलं नव्हे. घागरीची ऊर्जा तुमच्या हातांनी काढून घेतली, इतकाच त्याचा अर्थ. दोर मुठीतून सरकू दिला तर तीच ऊर्जा तळव्याला चटका देते.

दुसरा प्रश्न आपल्या भागातच पडू शकतो. मराठी पुस्तकात कार्य करण्याची क्षमता ती ऊर्जा आणि कार्य होण्याचा दर ती शक्ती. कन्नड पुस्तकात ऊर्जेलाच 'शक्ति' म्हणतात आणि दराला 'सामर्थ्य'. म्हणजे बहिणीची 'चलन शक्ति' ही आपली गतिज ऊर्जा आणि तिचं 'सामर्थ्य' ही आपली शक्ती. कार्याला कन्नडमध्ये सरळ 'केलस' म्हणतात, म्हणजे काम. बल दोन्हीकडं बलच. त्यातही 'अश्वशक्ती' दोन्ही भाषांत आहे आणि ती दोन्हीकडं दरच दाखवते, म्हणजे कन्नडचा नियम तिथं मोडतो. एकत्र अभ्यासाला बसलात तर शब्दावर वाद घालू नका, एकक बघा. जूल असेल तर ऊर्जा किंवा कार्य, वॅट असेल तर आपली शक्ती.

याच कारणानं 'महिन्याला 80 युनिट पॉवर जळली' हे बोलणं चुकीचं. पॉवर म्हणजे आपली शक्ती, आणि इथल्या वीज कंपनीच्या, हेस्कॉमच्या, बिलावरचं युनिट म्हणजे किलोवॅट-तास, ती ऊर्जा. एका युनिटात 36 लाख जूल असतात. वरच्या हिशेबानं तेवढ्यात 50 किलोची सहा हजारांवर पोती लॉरीत चढतील. शेतातली 5 एचपीची (अश्वशक्तीची) मोटर म्हणजे 3,730 वॅट, ती शक्ती. ती पूर्ण भारावर तासभर चालली तर 3.73 युनिटांहून थोडी जास्तच वीज खाते, कारण आत गेलेली सगळी वीज दांडा फिरवायला लागत नाही. काही भाग मोटरचं अंग तापवण्यातच जातो.