पावसाळ्यात तासलेला कामठा वाकून राहतो, तेव्हा दोष धामणीचा नसतो

तुमचा प्रश्न वाचला आणि २०१३ चा माझा स्वतःचा जुलै डोळ्यांसमोर उभा राहिला. तुम्ही लिहिले आहे : वखारीतून ‘दोन वर्षे मुरलेली’ म्हणून आणलेली धामण (त्या झाडाचे लाकूड), मुलुंडच्या घरी ऑगस्टमध्ये तासलेला कामठा, म्हणजे धनुष्य, आणि पंधरा-वीस बाण सोडून दोरी उतरवल्यावरही अडीच इंच वाकलेल्याच राहिलेल्या भुजा, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे भाग. यावरून लाकूड वाईट निघाले असे तुम्ही ठरवले आहे आणि आता सागवान घ्यावे का, असे विचारले आहे. माझ्या मते तुमची धामण निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त आहे, आणि सागवान तर मुळीच घेऊ नका. हवेनुसार फारसे फुगत-आकसत नाही म्हणून दारे-खिडक्यांना सागवान उत्तम. पण वाकून पुन्हा सरळ होण्याचा धामणीचा गुण त्यात नाही. कुऱ्हाडीच्या दांड्याला धामण शोधतात ती याच गुणासाठी, आणि संस्कृतातले तिचे ‘धन्वन’ हे नावच धनुष्याची आठवण देणारे आहे.

पाठ (बाण सोडताना समोर येणारी बाजू) कोणती, पोट (आपल्याकडची बाजू) कोणते, मूठ किती ठेवायची, हे तुम्हाला ठाऊक आहे असे धरून थेट माझ्या चुकीकडे येतो, कारण त्या चुकीने मला एका उत्तम ओंडक्याचा अर्धा भाग गमवावा लागला.

शहापूरजवळच्या मामांच्या शेतातला तो ओंडका होता. मधोमध उभा फोडलेला, दोन्ही टोकांना फेविकॉलचे जाड थर दिलेले, आणि परळच्या आमच्या चाळीत माळ्यावर दोन पावसाळे काढलेला. दोन वर्षे झाली म्हणजे लाकूड सुकले, असे मी कॅलेंडर पाहून ठरवले. जुलैत सलग सुट्ट्या मिळाल्या, म्हणून गॅलरीत बसून एक फाळका तासायला घेतला. रंध्यातून लांब, मऊ, कुरळ्या सालपटी निघत होत्या. बोटात धरून वाकवल्या तरी त्या तुटत नव्हत्या, तळहाताला किंचित गार लागत होत्या, आणि मी समजत होतो की हे जातिवंत लाकडाचे लक्षण आहे. ते ओल्या लाकडाचे लक्षण होते. सुकलेल्या धामणीची सालपट वाकवली की कट्‌कन मोडते.

मुंबईत लाकडाचे वय पाहून काहीच कळत नाही. लाकूड भोवतालच्या हवेशी सतत देवाणघेवाण करत असते. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास राहिली, तर दहा वर्षांचे जुने लाकूडसुद्धा १७-१८ टक्के ओलावा धरून बसते, आणि तेच लाकूड फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत ११-१२ टक्क्यांपर्यंत उतरते. धनुष्याला साधारण ८ ते १० टक्के मानवतात. ओलाव्याने लाकूड नरम पडते, आणि कामठा खेचला की पाठीचे तंतू ताण सोसतात पण पोटाचे तंतू दाबाखाली चेचले जातात. चेचलेला तंतू नंतर कितीही सुकवला तरी पुन्हा उठत नाही.

मला हे माहीत नव्हते. दोरी उतरवल्यावर तीन इंचांचा बाक पाहून मला वाटले, एक भुजा जाड राहिली असावी, म्हणून मी ती आणखी तासली, मग तोल साधायला दुसरी तासली, आणि हा खेळ आठवडाभर चालला. येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : रुंदी निम्मी केली तर ताकद निम्मी होते, पण जाडी निम्मी केली तर ताकद आठव्या हिश्श्यावर येते. १५ मिलिमीटरच्या भुजेवरून एक मिलिमीटर काढला, तर जवळजवळ पाचवा हिस्सा ताकद जाते. खेचायला चाळीस पौंड जोर लागेल असा होऊ शकणारा माझा कामठा बावीस पौंडांवर आला आणि बाक जसाच्या तसा राहिला. माझी खरी चूक पावसाळ्यात काम करण्यापेक्षाही ही होती, की लाकडाचा ओलावा न तपासता मी आकारात दोष शोधत राहिलो आणि वारंवार लाकूड काढत गेलो.

त्या ओंडक्याचा दुसरा फाळका शिल्लक होता. तो मी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला : १,१४० ग्रॅम. दर रविवारी वजन लिहीत गेलो. दिवाळीनंतर ते झपाट्याने उतरू लागले आणि फेब्रुवारीत सलग तीन रविवार १,०७२ वर थांबले. तेव्हा त्याला रंधा लावला. तो कामठा आजही माझ्याकडे आहे, दोरी उतरवल्यावर त्याला पाऊण इंचापेक्षा जास्त बाक राहत नाही.

मी आजवर नऊच कामठे केले आहेत, तेही धामण आणि बांबू या दोनच लाकडांचे, त्यामुळे इतर जातींबद्दल माझ्या शब्दावर विसंबू नका. पण निवडीबाबत माझे मत ठाम आहे. करवतीने कापलेली फळी कितीही सरळ दिसो, तंतू तिरके जात असतील तर पाठ तिथूनच उचकटते. मनगटापेक्षा थोडे जाड, गाठी नसलेले सरळ खोड घ्या, पाचर मारून फोडा, म्हणजे फट तंतूंच्याच वाटेने जाते. फोडताना ती पिळा घेऊ लागली, तर ते लाकूड दांड्यासाठी ठेवा. पाठीवरची साल अलगद काढा आणि तिच्याखालचा पृष्ठभाग तसाच राखा. तिथे रंधा, कानस काही लावू नका.

बांबू घ्यायचा विचार असेल तर मानवेल ही भरीव बांबूची जात बघा; भिल्ल लोक कामठाच नव्हे, तर त्याची दोरीसुद्धा बांबूच्या चिपेची करतात. खासगी जमिनीवरच्या बांबूला २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनकायद्यात झाड मानत नाहीत. तरीही मला एका कार्यालयात दहा काठ्यांच्या वाहतुकीसाठी चार खेपा घालाव्या लागल्या, प्रत्येक वेळी नवा कागद सांगितला गेला, आणि तोवर काठ्या उन्हात उघड्यावर पडून चिरल्या. कागद हाती आल्याशिवाय बांबू तोडायला सांगू नका, आणि तोडायचाच तर हिवाळ्यात, म्हणजे त्यात पिष्ट कमी असते आणि भुंगा कमी लागतो.

आता तुमच्या हातातल्या कामठ्याविषयी. यापुढे त्यावरून एक सालपटही काढू नका. दोरी उतरवून तो आतल्या भिंतीला आडवा टांगा; ओट्याच्या वरची जागा आणि पावसाने ओलावणारी बाहेरची भिंत टाळा. घाई असेल तर प्लायवूडच्या लांब खोक्यात ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावूनही सुकवता येते, पण बाजूला माणूस असतानाच, आणि ताज्या तोडलेल्या लाकडाला हा उपाय कधीही करू नका, ते तडकते. बाक पूर्ण जाणार नाही, हे मनाशी धरून ठेवा. मात्र वजन स्थिर झाल्यावर दोन्ही टोकांकडून एकेक इंच कापून, गेलेली काही ताकद परत मिळवता येते, अर्थात पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या उमटलेल्या नसतील तरच. त्या आहेत का ते दिवसाच्या उजेडात, भिंग धरून पाहा, भुजांचा बाजूने फोटो टाका, आणि दिवाळीपर्यंतची दर रविवारची वजने लिहून ठेवा.